बेचाळीस वर्षांचं लेकरू

बालपण लवकर संपतं, असं डॉक्टर मंडळी सांगतात. कायदेमंडळाला हे मान्य नाही. एखाद्या प्रश्नावर सखोल, सर्व बाजूंनी चर्चा चालू ठेवली, तर बालपण चाळिशीच्या पुढेही नेता येतं, आणि अमेरिकेने ते नेऊन दाखवलं आहे.

यादिरा मोंटेलोंगो तीन वर्षांची होती, तेव्हा आई ओफेलियाने तिला कडेवर घेऊन मेक्सिकोतल्या साकातेकासहून अ‍ॅरिझोनात आणलं, कागदपत्रांविना. तेव्हापासून सरकारदरबारी तिची गणना 'लहानपणी आणलेल्या मुलांत' आहे. या मुलाचे आता गुडघे दुखतात, वाचायला चष्मा लागतो, आणि त्याला पंधरा वर्षांची आरासेली नावाची लेक आहे. (आरासेली मात्र या मुलांत येत नाही. ती इथे जन्मली, म्हणून ती नागरिक.) फिनिक्समधल्या एका शाळेत यादिरा आठवीला नागरिकशास्त्र शिकवते. विधेयकाचा कायदा कसा होतो, हे ती फळ्यावर बाण काढून समजावते. तिचे विद्यार्थी मोठे होतात, मत देतात. बाईंना मत नाही. बाईंना दर दोन वर्षांनी 'तूर्त हाकलणार नाही' एवढं सरकार कळवतं, आणि त्या उपकाराच्या बदल्यात त्या कर भरतात.

या मुलांवर देशातल्या दोन्ही पक्षांचं अपार प्रेम आहे. एक पक्ष म्हणतो, ही लेकरं आपलीच आहेत, त्यांना कायद्याचं छत्र द्या. दुसरा म्हणतो, लेकरं निष्पाप आहेत यात शंकाच नाही, पण आधी सीमा बंद करा. दहापैकी सात नागरिकांनाही मुलं इथे राहावीत असं वाटतं. (लोकशाहीत सगळ्यांचं एकमत झालं, की मग घाई करण्याचं काही कारण उरत नाही.) त्यामुळे मुलांना कायमचं राहू देणारं विधेयक दर निवडणुकीला बाहेर निघतं, त्याला हवा दाखवली जाते, आणि पुन्हा घडी घालून ठेवलं जातं.

मधल्या काळात ओफेलिया आपल्या आजारी आईची सेवा करायला साकातेकासला गेली, ती परतीचे कागद नसल्याने तिकडेच अडकली. आता तिचीच नजर अधू झाली होती. परवानगी काढून यादिराला आईकडे जाता आलं असतं. परत येऊ द्यायचं की नाही, हे मात्र सीमेवरच्या साहेबाच्या मर्जीवर होतं. आरासेलीला मागे ठेवून साहेबाची मर्जी अजमावण्याची तिची छाती होत नव्हती.

यंदाच्या निवडणुकीत सिनेटर व्हिटकोम यांनी मुलांसाठी जाहीर सभा ठरवली, आणि सभेत उभं करायला एक मूल मिळवण्याचं काम आपल्या मदतनिसाला दिलं. हा कोल्बी यादिराचाच जुना विद्यार्थी. बाईंची हकिकत त्याला ठाऊक होती. बाईंचं वय मात्र दारात उभं राहिल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो जरा चुळबुळला. मग म्हणाला, पदवीदानाचा काळा झगा घातलात तर चालून जाईल. झगा घातलेलं मूल चाळीस टक्के अधिक निरपराध दिसतं, असं पक्षाच्या पाहणीत आढळलं होतं. (टोपी घातली तर आणखी सहा टक्के.) सभा गाजली, तर विधेयक या अधिवेशनात मतदानाला येईल, असं साहेबांनी स्वतः सांगितल्याचं तो म्हणाला.

भाषण त्याने लिहूनच आणलं होतं. छान होतं. त्यात स्वप्नं होती, झेंडा होता, आणि मधोमध एक वाक्य होतं: 'माझ्या आईने केलेल्या गुन्ह्याची शिक्षा मला देऊ नका.'

"हे वाक्य काढता येईल का रे?" यादिराने विचारलं.

"बाई, सगळं त्याच वाक्यावर उभं आहे," कोल्बी अजिजीने म्हणाला. मुलं निष्पाप ठरायची, तर कुणीतरी दोषी हवं, आणि आईबाप त्याला सोयीचे पडतात, असं त्याने समजावलं. शिवाय तेवढ्या एका मुद्द्यावर दोन्ही पक्ष एकत्र येत होते.

यादिराने ते वाक्य आईला फोनवर वाचून दाखवलं. ओफेलियाने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "म्हण की. कागद मिळत असेल तर मला दरोडेखोर म्हण. मला इथे कोण विचारायला येतंय?"

सभेच्या दिवशी ऑगस्टचं ऊन रणरणत होतं. झगा भाड्याचा आणि आखूड होता. सभागृह भरलं होतं. विरोधी पक्षाचे काही सज्जनही प्रेमापोटी आले होते. यादिरा बोलू लागली. स्वप्नं झाली, झेंडा झाला, टाळ्या झाल्या. मग ते वाक्य आलं, आणि तिने कागदावरून नजर उचलली. पहिल्या रांगेत आरासेली बसली होती, हातातला फोन उंच धरून. पलीकडे साकातेकासला ओफेलिया फोन डोळ्यांशी धरून बघत होती.

यादिराने चष्मा काढला.

"इथे मला आईला गुन्हेगार म्हणायचंय," ती म्हणाली. "तिनेही परवानगी दिलीये. पण माझी लेक समोर बसलीये. आई जिथे होती तिथे मी असते, तर मीही हिला उचलून आणलं असतं. तेव्हा मी काही निष्पाप नाही. राहू द्यायचं तर आईला आणि मला, दोघींना राहू द्या."

टाळ्या वाजल्या नाहीत. विरोधी सज्जनांना दुःख झालं. व्हिटकोमसाहेबांना त्याहून जास्त झालं. इतकी वर्षं जपलेलं लेकरू भर सभेत एकदम वयात आलं होतं.

विधेयक त्या अधिवेशनात आलं नाही. बाईंनी वातावरण बिघडवलं, असं कारण देण्यात आलं. (आदल्या वेळी वातावरण चांगलं होतं, तेव्हा घाई नको असं कारण होतं.) पुढच्या सभेसाठी पक्षाने एक तरुण, गोड आवाजाचा मुलगा शोधला.

कोल्बी मात्र झगा परत न्यायला स्वतः आला. मान खाली घालून म्हणाला, "बाई, तुम्ही ते वाक्य म्हणायला हवं होतं."

"म्हटलं असतं तर कायदा झाला असता?"

कोल्बी झग्याची घडी घालत राहिला.

"मी तुला शिकवलं होतं ना, कायदा कसा होतो ते? चुकीचं शिकवलं का रे?"

"नाही बाई," तो म्हणाला. "परीक्षेपुरतं बरोबर होतं."

रात्री ओफेलियाचा फोन आला. भाषणाबद्दल ती अवाक्षरही बोलली नाही. झगा फार आखूड होता, घोटे दिसत होते, एवढंच म्हणाली, आणि फोन मात्र कितीतरी वेळ ठेवेना. यादिरानेही ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी तिने आठवीच्या वर्गात फळ्यावर पुन्हा बाण काढले.

वाचकांनी जिवाला लावून घेऊ नये. गोष्ट फार लांबच्या देशातली आहे. आपल्याकडे असं काही नसतं. आपल्या इमारतीच्या रखवालदाराची मुलगी आपल्या डोळ्यांदेखत लहानाची मोठी झाली, आपल्या नातवंडांपेक्षा चांगलं मराठी बोलते. तिला कुणी सभेत उभं करत नाही, झगा घालायला लावत नाही. आपण फक्त लिफ्टमध्ये भेटली की हसून, अगदी मायेनं विचारतो, "पण तुम्ही मूळचे कुठले गं?"