मागच्या चाकाचा आवाज

राकेश मेश्रामला मुलगी देताना रावसाहेब ओव्हाळांनी एकही प्रश्न विचारला नव्हता. फियाटची किल्ली देताना मात्र जावयाला समोर बसवून चांगली उलटतपासणी घेतली. रस्त्यावर नवनव्या परदेशी गाड्या आल्या होत्या, पण पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या रावसाहेबांचा जीव या जुन्या फियाटमध्येच होता. गुडघ्यांमुळे क्लच दाबवेना, म्हणून जावयाने चालवायची आणि सासऱ्यांनी मागे बसायचं, असं ठरलं.

पहिल्याच फेरीत, विश्रांतवाडीचा चौक ओलांडायच्या आत, राकेशला मागून आवाज ऐकू आला. बारीक, एकसुरी, घुंऽऽ असा. शेजारी बसलेल्या बायकोला, अक्षताला विचारलं, तर तिला काहीच ऐकू येत नव्हतं. सासऱ्यांना विचारलं.

"माझ्या गाडीला आवाज नाही," ते म्हणाले आणि विषय संपला.

राकेश हिंजवडीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा, त्यामुळे तो सोडणाऱ्यातला नव्हता. ऑफिसातल्या इंटरनेटवर त्याला कळलं की मागून असा आवाज आला की चाकाचं बेअरिंग गेलं समजावं. पण एकट्याने गाडी काढली की आवाज गायब! म्हणजे वजन पडलं की बेअरिंग कण्हतं, असं त्याने ताडलं. सासरे डावीकडे बसायचे, आवाजही डावीकडूनच यायचा.

रविवारी पार्किंगमध्ये त्याने डावं चाक उतरवलं, ब्रेकचा ड्रम ओढून काढला, आतला एक्सल, म्हणजे चाकाचा दांडा, पेठेतल्या एका वर्कशॉपात नेऊन त्यावर नवं बेअरिंग बसवून आणलं. काढलेलं जुनं बेअरिंग बोटावर फिरवून पाहिलं, तर ते निमूट फिरत होतं. राकेश जरा चरकला. तरी त्याने सगळं जोडलं आणि खात्रीसाठी सासऱ्यांना उजवीकडे बसवलं. आता आवाज उजवीकडून आला. पुढच्या रविवारी उजवं चाक उतरलं.

आवाज होताच. मागच्या सीटवर तांदळाची पोती ठेवली, तर गाडी गप्प. सासरे बसले की पुन्हा घुंऽऽ.

"बाबा, तुमचं वजन किती असेल?" त्याने काकुळतीने विचारलं.

मग एकदा रावसाहेबांना जावयाचं ऑफिस बघायची इच्छा झाली. तिघं निघाले. हिंजवडीच्या अलीकडे कंपन्यांच्या बसगाड्यांनी रस्ता तुंबला होता. राकेशने इंजिन बंद केलं. चाकं थांबलेली, इंजिन थंड, आणि मागून आवाज चालूच.

त्याने सावकाश मान वळवली. रावसाहेब मिटल्या ओठांनी, खिडकीबाहेर बघत, तल्लीन होऊन गुणगुणत होते.

"अरे, हा आवाज म्हणत होतास होय?" अक्षता म्हणाली. "हे तर बाबांचं नेहमीचंच आहे. मी लहानपणापासून ऐकतेय."

सगळा प्रकार कळल्यावर रावसाहेबांनी तोंड घट्ट मिटलं. वाहतूक सुटली. गाडी निघाली. आत कोणी बोलेना, आणि त्या शांततेत मागून, अगदी स्पष्ट, खर्रर्र खट्, खर्रर्र खट् सुरू झालं.

राकेशने आरशात पाहिलं.

"राकेशराव," रावसाहेब शांतपणे म्हणाले, "हा मात्र मी नाही."