आंब्याला मनाई

अंबादासराव पेशकार स्वतःच्या घरात शिरण्याआधी परवानगी मागत.

संध्याकाळी तहसील कचेरीतून परतले की फाटक उघडायचे, अंगणात जोडे काढायचे, डोक्यावरची रुमी टोपी काखेत धरायचे आणि उंबऱ्यापुढं ताठ उभं राहून खणखणीत आवाजात विचारायचे, "इजाजत?"

घरात त्यांच्याशिवाय दुसरं कोणीही राहत नव्हतं.

मी त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायला आलो तेव्हा पहिल्या संध्याकाळी मला वाटलं, मलाच विचारताहेत. मी घाईघाईनं कुंपणावरून म्हणालो, "या ना, या!" दुसऱ्याच्या नावचं समन्स मी सही करून घेतल्यासारखं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, "तुम्हाला नाही विचारलं." आणि पुन्हा दाराकडं तोंड करून उभे राहिले. बराच वेळ थांबले. उत्तर आलं नाही तसे ओट्यावर जाऊन बसले. अंधार पडल्यावर केव्हातरी मुकाट्यानं उठून आत गेले. दाराशी पाण्यानं भरलेला रांजण होता, त्यावर घासलेला तांब्या होता, पण पाय न धुताच गेले. कचेरीत शाईचा डाग पडला तरी कागद बदलायला लावणारा हा माणूस रोज धुळीच्या पायांनी घरात शिरायचा, याचं मला फार नवल वाटे.

मी त्या वेळी नवा अहलकार, म्हणजे कारकून, म्हणून कचेरीत रुजू झालो होतो. निजामाचं राज्य होतं, कचेरीचा सगळा कारभार उर्दूत चाले. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिलाच. वडील कोरडवाहू शेती करायचे आणि माझ्या पदवीच्या कागदाला सणासुदीला हळदकुंकू वाहायचे. तो कागद घेऊन मी कामावर आलो खरा, पण टिपण कसं लिहावं, मिसल, म्हणजे प्रकरणाच्या कागदांची चळत, कशी बांधावी, यातलं मला काहीच येत नव्हतं. ते सगळं अंबादासरावांनी शिकवलं; ते पेशकार, म्हणजे तहसीलदारांपुढं कागद मांडणारे. मला नावानं कधी हाक मारली नाही. "अहो ग्रॅज्युएट" म्हणायचे. त्यात टोमणा होता, तसं कौतुकही होतं, आणि आजही कुठं नीटनेटका कागद लिहून झाला की मला त्यांचीच आठवण होते.

त्यांचे लाडके शब्द दोन. पहिला 'जाब्ता', म्हणजे कामाची कायदेशीर रीत. दुसरा 'नजरसानी', म्हणजे एकदा ठरलेल्या गोष्टीचा पुन्हा विचार. बाजारात गवार घेतली की घरापर्यंत येऊन परत जायचे आणि बागवानाला म्हणायचे, "या गवारीची नजरसानी करावी लागेल. निम्मी जून आहे." कचेरीत एक मांजर यायचं. त्याचं येणं-जाणं जाब्त्यात बसतं का, यावर त्यांनी सकाळचा चांगला वेळ घालवला आणि उंदीर मिसली खातात त्या अर्थी मांजर सरकारी कामावर आहे, असा निकाल दिला.

एकदा परभणीला जायला आम्ही पिंगळी स्टेशनावर उभे होतो. गाडी आली. मी डब्यात चढलो. अंबादासराव खालीच. गार्डाकडं पाहून त्यांनी अदबीनं विचारलं, "इजाजत?" गार्डानं हिरवं निशाण हलवलं आणि गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी मी विचारलं तर म्हणाले, "इजाजत मिळाली होती हो. पण ती गाडीला."

तर अशा माणसाच्या गल्लीच्या टोकाशी फौजेची जमीन होती.

अंबादासरावांचं घर गल्लीतलं शेवटचं. तिथून पुढं चांदमारी सुरू व्हायची. चांदमारी म्हणजे शिपायांनी बंदुकीचा नेम धरायला शिकायचं मैदान. हद्दीला चुना फासलेले दगड, पलीकडं मातीचा उंच बांध, आणि एका खांबावर लाल झेंडा. मैदानाच्या मधून एक पाऊलवाट पलीकडच्या धनगरवस्तीला जायची. वस्तीवरची मेंढरं सकाळी या वाटेनं गावाच्या बारवेवर पाण्याला यायची आणि इकडच्या माळावर चरून संध्याकाळी परत जायची. जुना कायदा सोपा होता. झेंडा वर असला तर थांबायचं, खाली असला तर चालायचं. मेंढरांनासुद्धा तो पाठ झाला होता म्हणत.

मी येण्याच्या थोडं आधी हैदराबादहून नवे कप्तान आले. त्यांना फौजेच्या मैदानात लेंड्या पाहवेनात. त्यांनी हद्दीवर पाटी लावली आणि वाट बंद केली. वस्तीला ओढ्याच्या दगडगोट्यांतून लांबचा वळसा पडू लागला.

एका सकाळी धनगरवस्तीवरची धोंडाबाई थेट माझ्या मेजापुढं येऊन उभी राहिली. डोईला पदर, हातात काठी.

"सायब, आमचा दाखला द्या."

"कसला दाखला, बाई? जन्माचा का जमिनीचा?"

"ते मला काय ठावं? जमादार म्हनला, पाटीवर लिवलंय, आम दाखला मना. म्हंजे दाखल्याबिगर सोडीत न्हाईत. मंग द्या की एक. आमचा बी द्या, मेंढरांचा बी द्या."

सगळी कचेरी हसली. उर्दूत 'दाखला' म्हणजे आत शिरणं आणि 'आम' म्हणजे सर्वसामान्य लोक, हे तिला कोण सांगणार? हसले नाहीत ते एकटे अंबादासराव. ते आपल्या जागेवरून उठून आले.

"दाखला देता येत नाही, धोंडाबाई. नजरसानी करता येईल."

"ती कुटं मिळती?"

"मिळत नाही. करावी लागते."

"मंग करा की बिगीनं, पंत. वड्यानं फिरून यायलोय आमी. दोन कोकरं वाटंतच दगावली. बाकीची बी लय बारकी हायती." मग तिनं त्यांच्याकडं जरा निरखून पाहिलं. "तुमी बरे हाव न्हवं?"

"जाब्त्यात आहे," अंबादासराव म्हणाले आणि मान खाली घालून टाक पुसू लागले.

तहसीलदारांना फौजेशी वाकडं घ्यायचं नव्हतं. त्यांनी सरळ नाही म्हटलं. आख्ख्या नोकरीत साहेबांना एकच गोष्ट दुसऱ्यांदा कधी न विचारणाऱ्या अंबादासरावांनी ती त्या दिवशी पुनःपुन्हा विचारली. शेवटी तहसीलदार वैतागून म्हणाले, "जा, जागेवर जाऊन नजरसानी करा. कप्ताननं मानलं तर ठीक. नाही मानलं तर मिसल दाखल दफ्तर." म्हणजे कागद कायमचा बासनात आणि वाट कायमची बंद.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं चांदमारीवर गेलो. कप्तान उभे होते, शेजारी दाऊदखाँ जमादार. अलीकडं धोंडाबाई आणि वस्तीवरची चार माणसं मेंढरं धरून बसली होती. अंबादासरावांनी हद्दीच्या दगडापाशी जोडे काढले, टोपी काखेत धरली आणि विचारलं, "इजाजत?"

कप्तानांनी हातानंच या म्हटलं. अंबादासरावांनी एक पाय दगडापलीकडं टाकला आणि तिथंच थबकले. त्यांची नजर पाटीवर गेली होती. चष्मा पुसून त्यांनी ती पुन्हा वाचली.

"हुजूर, पाटी कुणी लिहिली?"

"मैं लिखा," जमादार छाती काढून म्हणाला. चाळिशी उलटल्यावर तो अक्षरं शिकला होता.

"इथं ऐन पाहिजे होता. इथं अलिफ आहे."

आता हे जरा सांगायला हवं. उर्दूत 'आम' दोन आहेत. ऐन अक्षरानं लिहिला तर सर्वसामान्य, आणि अलिफ अक्षरानं लिहिला तर आंबा. कानाला दोन्ही एकच.

अंबादासराव शांतपणे म्हणाले, "पाटीप्रमाणे या मैदानात आंब्याला यायला मनाई आहे. माणसांबद्दल पाटी काहीच बोलत नाही. मेंढरांबद्दल तर नाहीच नाही."

कप्तानांनी पाटी वाचली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "जमादार! ये क्या लिखा?"

"आम बोले तो आमीच लिखा ना, साब!" जमादार खरोखरच गोंधळला होता.

धोंडाबाईनं मला हळूच विचारलं, "काय म्हनायलेत?" मी सांगितलं. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "अगं बया! मंग आमाला कामून अडवलं? आमी का आंबं हाव?"

कप्तान हैदराबादचे, शेरोशायरीतले. धनगरांपुढं आपल्या उर्दूची ही गत झालेली त्यांना सोसेना. त्यांनी उलटा वार केला. "पेशकार, आपका नाम?"

"अंबादास."

"अंबा, यानी आम. आप तो आम के गुलाम हैं! पहली पाबंदी आप पर."

सगळे अंबादासरावांकडं पाहू लागले. त्यांनी खाली पाहिलं. एक पाय हद्दीच्या आत होता. त्यांनी तो उचलून बाहेर घेतला.

"हुजूरचं म्हणणं रास्त आहे," ते म्हणाले, आणि पुढची सगळी नजरसानी दगडाच्या अलीकडं उभं राहून मोठ्या आवाजात केली. कप्तानांना हसू फुटलं. मग ते स्वतःच दगडापर्यंत चालत आले.

"इन धनगरों से आपका क्या वास्ता?"

"काही नाही, हुजूर. वास्ता जाब्त्याशी."

"अच्छा. पाटी अभी मिटवा देता हूँ."

"सरकारी पाटी मंजुरीशिवाय पुसणं जाब्त्याबाहेर आहे. हैदराबादेहून मंजुरी मागवावी लागेल. कारण लिहावं लागेल."

कारण लिहायचं म्हणजे अलिफ हैदराबादेत उघडा पडणार. मिशीला हात लावत कप्तानांनी विचारलं, "और तब तक?"

"तोवर ही पाटी लागू. आंब्याला मनाई. माणसांना आणि मेंढरांना जुना कायदा. झेंडा वर, तर थांबा. झेंडा खाली, तर चला."

कप्तानांनी पाटीकडं पाहिलं, मेंढरांकडं पाहिलं, धोंडाबाईच्या पदरात गुंडाळलेल्या एका कोकराकडं पाहिलं. म्हणाले, "मंजूर. मगर लेंड्या तुमच्या लोकांनी उचलायच्या."

"उचलतो की," धोंडाबाई म्हणाली. "सोनंच हाय ते. शेतात टाकू."

ती मंजुरी कप्तानांनी कधीच मागितली नाही. मी त्या गावात होतो तोवर पाटी तशीच होती. दाऊदखाँ जमादार येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना थांबवून विचारायचा, "टोपलीत आंबे तर न्हाईत ना?" आणि स्वतःच हसायचा. अंबादासरावांनी मात्र चांदमारीत पुन्हा कधी पाऊल टाकलं नाही. कोणी आग्रह केला की म्हणायचे, "मला मनाई आहे. नावासकट."

पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवशीच्या संध्याकाळचं.

कचेरी सुटली आणि अंबादासराव माझ्यापुढं चालू लागले. इतक्या घाईनं चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. टोपीचा गोंडा नुसता उडत होता. घरी पोचले, जोडे काढले, पण उंबऱ्यापाशी गेले नाहीत. अंगणातच उगीच तुळशीची पानं चाचपत राहिले. थोड्या वेळानं गल्लीच्या वरच्या तोंडाला धूळ दिसली. घंट्या वाजल्या. माळावरून मेंढरं परत निघाली होती, चांदमारीच्या वाटेनं, वस्तीकडं.

पहिलं मेंढरू कुंपणाशी आलं तसे अंबादासराव उंबऱ्यापुढं जाऊन ताठ उभे राहिले. टोपी काखेत धरली.

"इजाजत?"

धोंडाबाई कुंपणाचा पाला ओरबाडणाऱ्या मेंढीला काठीनं हाकलत होती. तिनं मान वळवलीसुद्धा नाही. रोजचं काम असावं तशी म्हणाली, "या की. पर पाय धुऊन या."

अंबादासराव वळले. रांजणावरचा तांब्या त्यांनी उचलला.

मी कुंपणाशी गेलो. "हे काय, धोंडाबाई?"

तिनं मेंढरं पुढं जाऊ दिली आणि आवाज खाली आणला. "काकूंचं बोलनं हाय ते. पंत उंबऱ्यात इजाजत म्हनायचे, अन् काकू आतून म्हनायच्या, या, पर पाय धुऊन या. रोजची थट्टा व्हती दोघांची. आमी जाता जाता ऐकायचो अन् हसायचो. मंग काकू गेल्या. एका सांजंला बगते तर हे तितंच हुबे. आत जाईनात. मेंढरं सारी पुढं गेली तरी हुबेच. मंग म्याच म्हनलं. काय करावं, सायब? मानूस बाहीरच ऱ्हायलं असतं."

"आणि वाट बंद होती तेव्हा?"

"तवा कोन म्हननार?" ती म्हणाली आणि घंट्यांमागं चालू लागली.

मी मागं वळून पाहिलं. अंबादासराव अजून पाय धूत होते. टाचा घासत होते, बोटांच्या बेचक्यांतली धूळ काढत होते, पुन्हा तांब्या भरून घेत होते. सगळं मनासारखं झाल्यावर त्यांनी तांब्या रांजणावर पालथा घातला आणि आत गेले.

उंबऱ्यावर त्यांच्या पावलांचे ओले ठसे राहिले होते. ओटा त्या संध्याकाळी रिकामाच होता.