मुखपृष्ठावर एकच चेहरा

मासिक कसं काढावं हे सूरजला शिकवायची कुणाची छाती नव्हती. जगातली झाडून सगळी संगीत-मासिकं त्याने मोबाईलवर पालथी घातली होती आणि त्यांचे नियम तोंडपाठ केले होते. मुखपृष्ठावर एकच चेहरा! तोही काळा-पांढरा! नजर थेट वाचकाच्या डोळ्यांत, आजूबाजूला मोकळी जागा आणि खाली दोनच शब्द. मस्तगडातल्या फ्लेक्सच्या दुकानात तो डिझाइन करायचा. तिथे मोकळी जागा दिसली की मालक राधेश्यामशेठला शेत पडीक राहिल्यासारखं वाटायचं.

"सूरज, खाली आठ-दहा शुभेच्छुक टाक ना! एवढी जागा कायले सोडून राह्यला?"

"शेठ, हे मासिक आहे. वाढदिवसाचा फ्लेक्स न्हाई!"

मासिकाचं नाव 'झील', म्हणजे गाणाऱ्यामागून धरलेला साथीचा सूर, आणि पहिल्या अंकाचा चेहरा म्हणजे त्याची धावड्याची मावशी, शिवकन्या. तिची उभी हयात भीमगीतं गाण्यात गेली. परतूरची जयंती तर तिच्याशिवाय होत नसे. मग डीजे आले, समितीत नवी माणसं आली आणि मावशीला बोलावणं येईनासं झालं. एप्रिल जवळ आला की ती मोबाईल उशाशी घेऊन झोपायची. सूरजला ते बघवायचं नाही. यंदा परतूरचं स्टेज तिला मिळालंच पाहिजे, एवढ्यासाठी हा खटाटोप होता. संपादकीयात त्याने संगीताची सेवा वगैरे लिहिलं होतं, ते सोडून द्या!

आधी मुखपृष्ठ दाखवायचं, अंक मागून काढायचा, हाही मोठ्या मासिकांचा नियमच. सूरजने परतूरच्या जयंती समितीच्या ग्रुपवर मुखपृष्ठ टाकलं. मावशीचा चेहरा, आणि खाली 'अमर आवाज'.

धडाधड जोडलेले हात आले! त्यामागून मेणबत्त्या आल्या. मेणबत्त्या कशाला, असं त्याच्या मनात आलं खरं. पण कौतुक चालू असताना कोण चौकशा करतं?

मग समितीचे अध्यक्ष अण्णासाहेब यांचा फोन आला.

"जयभीम, सूरज. फोटो पाह्यला. लय वाईट वाटलं रे. एवढी मोठी कलावंतीण, अन् आपण बोलावलं न्हाई!"

"जाऊ द्या अण्णासाहेब. झालं ते झालं."

"न्हाई, न्हाई! यंदाचा कार्यक्रम त्यांच्याच नावानं. तोच फोटो स्टेजवर लावतो. तू घरच्यांना घिऊन बराबर ये."

सूरज दुकानात अक्षरशः नाचला. मावशी फोनवर नुसतं "बरं" म्हणाली. पण त्या दिवसापासून तिने लोणचं बंद केलं, घशासाठी कोमट पाणी सुरू केलं आणि निळ्या काठाची पांढरी साडी इस्त्रीला दिली.

कार्यक्रमाच्या दिवशी दोघं पेटी घेऊन परतूरच्या मैदानात उतरले. स्टेजवर सूरजचं मुखपृष्ठ भिंतीएवढं झालं होतं. त्याला हार घातलेला! पुढे मेणबत्त्या! आणि वर ठळक अक्षरांत, 'भावपूर्ण आदरांजली'.

अण्णासाहेब हसत पुढे आले आणि मावशीला बघून थिजले.

"बाई... तुम्ही?"

"मीच की. पेटी कुठं ठिवू?"

अण्णासाहेबांनी सूरजला बाजूला ओढलं. "अरे, मंग त्या फोटोचा अर्थ काय? काळा-पांढरा, एकटी बाई, खाली ना शुभेच्छुक, ना अध्यक्ष! जित्या माणसाचा असा फोटो कोणी लावतं का आपल्याकडं?"

असले फ्लेक्स सूरज स्वतःच दर आठवड्याला करायचा. जिवंतपणी माणसाला दहा पुढाऱ्यांच्या गर्दीत बोटाएवढी जागा मिळते; आख्खा फ्लेक्स मेल्यावरच. हा नियम मात्र त्याच्या डोक्यातून साफ गेला होता.

"चूक झाली म्हणा, अन् काढा तो हार," मावशी म्हणाली. "मी गाते."

अण्णासाहेब हात चोळू लागले. "बाई, परभणीहून गायिका आल्यात. तुमचीच गाणी बसवलीत. पत्रिका वाटल्या, पाहुणे भाषण पाठ करून आलेत. आता ऐन वेळेला... तुम्ही पुढच्या रांगेत बसा. पुढच्या वर्षी बिलकुल तुम्हीच!"

मावशी बसली. तिने पेटी मांडीवर घेतली. ज्यांनी तिचे फोन कधी उचलले नाहीत, ते माइकवर ढसाढसा रडले. परभणीची गायिका एक कडवं विसरली, तेव्हा मावशीचे ओठ आपोआप हलले. सूरजला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण मासिकासकट आत जावं.

शेवटी निवेदकाने दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. सगळं मैदान उठलं. शिट्टी नाही, आरडाओरडा नाही, कुणी मध्येच उठून गेलं नाही. एवढं शहाणं मैदान मावशीला गाताना कधी मिळालं नव्हतं.

तिने सूरजची बाही ओढली आणि हळूच विचारलं,

"सूरज, मीबी उभी राहू का रे?"

"राहा मावशी," सूरज पुटपुटला. "लोक बघून राह्यलेत."