घशाकडं काय ऱ्हायलं?

भूपालअण्णांच्या घरी खाल्लेल्या पदार्थाला 'छान' म्हणायची सोय नाही. 'मस्त' चालत नाही, 'एक नंबर' चालत नाही, आणि आमच्या कोल्हापूरचा हुकमी 'नादखुळा' तर चपलांबरोबर बाहेरच ठेवून आत जायचं. माझे यजमान पहिल्याच दिवशी दोडक्याची भाजी चाखून "चांगली झालीय" म्हणाले आणि फसले.

"चांगली म्हंजे काय?" अण्णा कडाडले. "चांगली तर हवापन असती. पयलं काय आलं? मागनं काय आलं? घशाकडं काय ऱ्हायलं?"

ह्यांनी बराच विचार केला आणि शेवटी "दोडका" म्हणाले. अण्णा पहिल्या मजल्यावर, आम्ही दुसऱ्यावर. तेव्हापासून हे जिना सोडून लिफ्टनं येतात आणि गुडघ्यांचं कारण सांगतात.

गॅसवाल्याचीही सुटका नाही. "पावणं, जरा ह्ये चाखा," म्हणून अण्णांनी त्याच्या तळहातावर शेंगदाण्याची चटणी ठेवली. पयलं काय, मागनं काय, हे त्यानं कसंबसं निभावलं. घशाकडं काय ऱ्हायलं विचारल्यावर मात्र तो काकुळतीला आला. "अण्णा, घशाकडं काय न्हाई. खाली गाडीत आजून आठ सिलिंडर ऱ्हायल्यात."

अण्णांचे कबनूरला यंत्रमाग होते. उभा जन्म त्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांचं साधं बोलणंही चौकापर्यंत जातं. पण मागावर बोलून उपयोगच नसतो, सगळा कारभार हातवाऱ्यांवर. अण्णा ते हातवारे घरीही घेऊन यायचे. त्यांच्या पत्नी, पद्माकाकू, सांगतात, जेवायला बसल्यावर पंजा वर झाला की पुरे, दोन बोटं दिसली की भाकरी. माग विकून इथं फ्लॅट घेतला तरी पंजा आणि बोटं चालूच.

मग काकूंना ताप आला. ताप गेला, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. "कागद चावल्यागत वाटतंय गं," म्हणत त्या ताट बाजूला सारायच्या. अंगावरचे ब्लाउज ढगळ झाले. मीठ-तिखटाचा अंदाज येईना म्हणून त्यांनी ओटाच सोडला. आणि ज्या अण्णांना घरात चहापूड कुठं असते हे ठाऊक नव्हतं, ते सत्तरीला टेकल्यावर स्वयंपाकाला उभे राहिले.

हे जैन घर. कांदा-लसूण येत नाही आणि जेवण सूर्य मावळायच्या आत. त्यामुळे टळटळीत उन्हातच अण्णांची फोडणी पडते. तेव्हा टीव्ही बंद, मोबाईल पिठाच्या डब्यावर उपडा आणि कुणी चकार शब्द काढायचा नाही. मोहरी तडतडायला लागली की अण्णा डोळे मिटतात.

"जल्मभर मागाचा आवाज ऐकला, वैनी. आता हिचा ऐकालोय. ही गप झाली की हिंग."

त्या वेळी त्यांच्या तोंडावर जे सुख असतं, ते आमच्या इमारतीत दुसऱ्या कुणाच्या तोंडावर मी पाहिलेलं नाही. मला त्याचा हेवा वाटतो.

जेवताना अण्णा काकूंच्या शेजारी बसतात, आधी स्वतः घास खातात आणि काय लागलं ते त्यांना सांगतात. काकू ऐकत ऐकत खातात. नुसतं वाढलं तर दोन घासांवर जात नाहीत, सांगितलं तर ताट संपतं. आता मागावर जन्म गेलेल्या माणसाकडे शब्द असून असून किती असणार? म्हणून आमचा छळ. मी एकदा म्हटलं, "चिंच आधी गालाला लागते, मग जिभेला." अण्णांनी ते तिथल्या तिथं घोकून पाठ केलं. तेव्हापासून मीही घरी घास तोंडात जरा थांबवते. इतकी वर्षं मी नुसती गिळतच होते की काय, कोण जाणे.

परवा त्यांनी मला जेवायला बोलावलं. ओट्याशी बोलावून कानात कुजबुजले, म्हणजे शेजारच्या फ्लॅटला ऐकू गेलं नसेल इतकंच.

"आमटीत मीठ दुप्पट घातलंय. डॉक्टर म्हनत्यात चव कवाबी परत येईल. अधनंमधनं असं बगतो. आज तिनं वळखाय पायजे."

आम्ही बसलो. पहिल्या घोटालाच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंनी शांतपणे आमटी भाकरीवर घेतली आणि खाल्ली. अण्णा त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. काकू दुसरा घास मोडू लागल्या, तेव्हा अण्णांचा चेहरा इतका पडला की मला बघवेना. "ताक आनतो," म्हणून ते उठून आत गेले.

काकू माझ्याकडे वाकल्या. "किती मीठ घातलंय गं ह्यांनी! जिभेला चरका बसला."

"काकू! चव आली तुम्हाला?"

"हळू बोल. पंधरा दिस झालं."

"मग सांगा की! किती आस लावून बसलेत ते."

"दिसतंय की मला. पन लगीन झाल्यापास्नं मी रांधून घातलं, ह्या मानसानं जेवताना तोंड उघडलं ते घास घालायला. आता शेजारी बसून बोलत्यात. चव आली म्हटलं की परत हात वर." त्यांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली. "एवढी दिवाळी होऊ दे. चकलीचं काय सांगत्यात ते ऐकते, मग मीच सांगते. तू बोलू नगंस."

अण्णा ताक घेऊन आले. काकूंच्या शेजारी बसले, आमटीचा घोट घेतला आणि डोळे मिटले.

"पयलं चिंचंचं आंबट आलं. गालाला. मागनं गूळ आला, हळूच." मग ते जरा अडखळले. "आनि मीठ… मीठ एकदम बेतानं."

"व्हय?" काकू म्हणाल्या, आणि त्यांनी वाटी पुढे केली. "वाढा की मग आजून."