राखून ठेवलेला निकाल

आमच्या भाऊजींकडे भांडण घेऊन जायचं असेल तर खुर्च्या ठरलेल्या. डावीकडची तक्रार करणाऱ्याची, उजवीकडची ज्याच्यावर तक्रार आहे त्याची. मधे बंडी घालून स्वतः भाऊजी. महाल या जुन्या वस्तीतल्या आमच्या गल्लीत नळावर बायका कचाकचा भांडल्या की हे त्यांना आत बोलावून बसवत. निवांत ऐकून घेत आणि घसा खाकरून म्हणत, "दोन्ही बाजू ऐकल्या. निकाल राखून ठेवला." तोवर नळ गेलेला असे.

हा माणूस माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा. बहीण गेली, पण नातं सुटलं नाही, आणि घरं तर भिंतीला भिंत लागून. त्यामुळे मी सांगतो ते ऐकीव नाही, भोगलेलं आहे.

काटोलला वकील होते तेव्हा संत्र्याच्या बागेच्या धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, एक भांडण यांच्याकडे आलं. हे आपल्या अशिलासाठी उभे राहिले आणि समोरच्याचं म्हणणं इतकं झकास मांडलं की समोरचा वकील उठलाच नाही. अशील भर कोर्टात ओरडला, "साहेब, तुमी कोनाचे वकील आहा?" असल्या माणसाला पुढे न्यायाधीश केलं! मग काय, रान मोकळं. निकाल राखता राखता वादी म्हातारे झाले. नंतर नोकरी सोडून आमदारकीला उभे राहिले आणि चक्क निवडून आले. म्हणे लोकप्रिय! कसले लोकप्रिय? परत वकिलीला बसू नयेत म्हणून गावाने मतं दिली.

विधानसभेत तर कहर. हिवाळी अधिवेशनात मी वर गॅलरीत बसलो होतो. हे आपल्याच पक्षाच्या बाजूने बोलायला उठले आणि म्हणाले, "विरोधकांच्या म्हणण्यातही तथ्य आहे." मतदानाला हात ना इकडे वर, ना तिकडे. पक्षाने पुन्हा तिकीट दिलं नाही, तर मलाच विचारतात, "काहून गा गोविंदा, माह्यं काय चुकलं?" मी कपाळावर हात मारून घेतला.

हे सगळं हसून सोडलं असतं. पण गोष्ट शालूवर आली.

शालू त्यांची एकुलती एक, शाळेत शिकवते. तिथल्याच मिलिंदशी लग्न करायचं म्हणाली. मिलिंदच्या घरच्यांनी छप्पन साली इथेच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. आमच्या नात्यात बोंबाबोंब झाली. मिलिंदचे वडील रीतसर घरी आले. भाऊजींनी त्यांना डाव्या खुर्चीत बसवलं, बोंब मारणाऱ्या आपल्या थोरल्या भावाला उजव्या खुर्चीत, सगळं ऐकलं आणि निकाल राखून ठेवला! पावसाळा गेला, दिवाळी गेली. मिलिंदला चंद्रपूरच्या कॉलेजात नोकरी लागली, तो उत्तरासाठी थांबलेला. शालूचं तोंड सुकून गेलं. जातीला भितो हा म्हातारा, आणि वर न्यायाचा आव आणतो, असं वाटून माझं डोकं फिरलं.

एका दुपारी शालू शाळेत गेल्यावर मी तावातावाने आत शिरलो. "भाऊजी, बस झालं! हो म्हणा नाहीतर नाही म्हणा!"

स्वयंपाकघरातून करपल्याचा वास. पाहतो तर माजी न्यायाधीश, माजी आमदार स्टोव्हपुढे उकिडवे बसलेले. बोटांना फोड. पातेल्यात भात होता की खळ, कोण जाणे.

"हे काय चाललंय?"

"हळू बोल गा. शालूले सांगू नोको." त्यांनी स्टोव्ह बारीक केला. "पोरगा चांगला आहे. मी तं तिले पहिल्याच दिवशी जा म्हटलं. पोरगीच आयकत नाही. म्हणते, बाबा, तुमाले साधा चहा करता येत नाही, तुमाले टाकून मी जाऊच कशी? लग्नच नाही करत म्हणते. तिचा नकार मिलिंदच्या बापाले सांगितला असता तं सारं मोडलं असतं. म्हणून थांबवून ठेवलं. शिकून राहिलो."

त्यांनी ताटलीत भात काढला, वर वरण ओतलं. "खाऊन पाय. खरं सांगजो."

भात खाली करपलेला, वर कच्चा. वरणात मीठच नव्हतं. मी ताटली पुसून खाल्ली.

"जमलं, भाऊजी."

"मंग संध्याकाळी तिच्यापुढं सांगशील? माह्यावर तिचा इश्वास नाही."

सांगतो म्हणालो. ते पातेलं घासायला बसले आणि पाठमोरेच म्हणाले,

"गोविंदा, एकट्या माणसाले तांदूळ किती घ्या लागते गा?"