तासाला एक इंच

खड्ड्यातलं पाणी तासाभरात एक इंच तरी खाली जायला हवं होतं, आणि ते जात नव्हतं. तपासनीस काठाशी उकिडवे बसले होते, थोरली त्यांच्या मागे छत्री धरून उभी होती, आणि पाणी मात्र घर बांधण्याआधीच मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखं स्वस्थ पसरलं होतं.

"हललं का हो?" थोरलीने विचारलं.

"मी बोट घातलं तेवढंच हललं," तपासनीस म्हणाले.

नियम तसा सोपा होता. ज्याच्या छपरावर पाऊस पडेल, त्याने तो आपल्याच जमिनीत जिरवायचा, रस्त्यावर सोडायचा नाही. त्यासाठी जमीन पाणी पिते हे आधी सिद्ध करायचं. प्लॉटच्या सखल कोपऱ्यात कमरेइतका खड्डा खणायचा, आदल्या दिवशी भिजवून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी खुणेपर्यंत भरायचा आणि तपासनिसासमोर तासभर त्याच्याकडे बघत बसायचं. जमीन पास झाली तर कोपऱ्यात एक छोटा शोषखड्डा पुरे. नापास झाली तर तो सगळा कोपरा मोकळा सोडून तिथे पावसाच्या पाण्यासाठी तळं करायचं. संधी तीन.

त्या कोपऱ्यात आईची खोली होती. म्हणजे अजून नव्हती; नकाशात होती. नकाशा बाबांनी स्वतः काढून घेतलेला. खाली एकच निजायची खोली, बाकी सगळं वर. आईला जिना चढायला लागू नये म्हणून बाबांनी केवढा विचार केला होता, हे थोरलीला त्या चौकोनाकडे पाहिलं की दरवेळी नव्याने जाणवायचं. बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. त्यांच्यामागे प्लॉट, नकाशा, परवानगीची फाइल आणि सगळ्या नातेवाइकांचे सल्ले थोरलीकडे आले होते. धाकटी दूर राहायची. ती रोज फोनवर म्हणे, "काही लागलं तर सांग हं," आणि थोरली रोज म्हणे, "नाही गं, काही नाही."

"इथे काही जड उभं होतं का?" तपासनिसांनी विचारलं.

"विटांचा ट्रक. अॅक्सल तुटला म्हणून आठ दिवस इथेच होता."

"मग झालं! मातीत बारीक पोकळ्या असतात, ताई. पाणी त्यांतून जातं. ट्रकने त्या पार मिटवून टाकल्या. हा पालथा घडा आहे, किती ओताल?" त्यांनी फाइलवर एक फुली मारली. "दुसरीकडे खणा. दोरी बांधा. कुणाला पाय ठेवू देऊ नका."

तेव्हा थोरलीने सहा पावलं आत नवा खड्डा खणवला. चारी बाजूंनी दोरी बांधली. कुंपणाची भिंत बांधायला गवंडीमामा होते, बाबांना दादा म्हणणारे; त्यांना बजावलं, "मामा, कुणी जवळ यायचं नाही."

"माशी फिरकणार नाही, ताई. दादांचं घर आहे हे."

संध्याकाळी तिने स्वतः पाणी ओतलं आणि फूटपट्टी धरून पाहिलं. तासाभरात चांगलं चार बोटं खाली! ती घरी आली, ताटातलं सगळं जेवली आणि आईने "कसं चाललंय?" विचारल्यावर "छान" म्हणून झोपून गेली. आईला तपशील सांगायचे नाहीत, हे तिने पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं. आईच्या वाट्याला आधीच आलं होतं तेवढं पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी तपासनीस आले. खड्डा खुणेपर्यंत भरला. दहा मिनिटं गेली, वीस गेली, पाऊण तास झाला. पाणी केसभर हललं नाही.

"काल तर जात होतं!" थोरली म्हणाली. "मी स्वतः पाहिलंय."

"सगळे असंच म्हणतात," तपासनीस म्हणाले. पण माणूस सरळ होता. त्यांनी बाही वर केली, खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि चाचपता चाचपता त्यांचा चेहरा बदलला.

"ताई, याला आतून गिलावा आहे."

"काय?"

"गुळगुळीत. घोटलेला."

गवंडीमामा भिंतीवरून थापी घेऊन लगबगीने आले. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुकाची अपेक्षा होती. "थेंब जाणार नाही साहेब! लवकर धरणारं सिमेंट वापरलं. वरून मातीचा हात फिरवला, उघडं दिसायला नको म्हणून."

"पण का?" थोरलीने विचारलं.

"टाकी गळत होती ना, ताई. तुम्ही गेलात नि वहिनी, तुमच्या आई, आल्या भाजी घेऊन. त्यांनी बघितलं, पाणी खाली खाली चाललंय. म्हणाल्या, पोरीला कुणीतरी फसवलंय, कच्चं काम करून दिलंय. मला लाजच वाटली. तीस वर्षं झाली, माझ्या हातची टाकी गळली नाही. माशीसुद्धा फिरकू दिली नाही मी, विचारा कुणालाही."

"तुम्ही फिरकलात ना!"

"मी घरचा माणूस, ताई."

तपासनिसांनी दुसरी फुली मारली. जाता जाता त्यांनी ओला हात पुसला आणि म्हणाले, "काम मात्र सुरेख आहे." गवंडीमामांनी मान लववून दाद स्वीकारली.

घरी थोरलीने आईला समोर बसवलं आणि खड्डा म्हणजे टाकी नव्हे, तो गळण्यासाठीच असतो, हे समजावून सांगितलं.

"म्हणजे पाणी मुरलं तर चांगलं?" आई म्हणाली. "जगात कुठे पाणी मुरत असलं तर माणसं काळजीत पडतात. तुझ्या ऑफिसातल्या साहेबांची तऱ्हाच निराळी."

"ते माझ्या ऑफिसातले नाहीत गं. आणि आई, तू पुन्हा मामांना काही सांगू नकोस."

"मला कुणी काही सांगितलं असतं, तर मीही सांगितलं नसतं," आई म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

तिसरा खड्डा थोरलीने स्वतः उभं राहून खणून घेतला. गवंडीमामा रुसले होते. आपलं काम कुणी नको म्हणावं, हे त्यांच्या आयुष्यात प्रथमच घडत होतं. त्यांनी थापी, रंधा, सिमेंटची पोती सगळं तिच्या डोळ्यांदेखत पलीकडच्या टोकाला नेऊन ठेवलं आणि "बघून घ्या, हात रिकामे आहेत," असं दोनदा म्हणाले. तिसऱ्या चाचणीच्या दिवशी थोरली उजाडताच प्लॉटवर पोचली आणि खड्ड्याच्या काठाशी उकिडवी बसली, ती उठलीच नाही. ऊन आलं, तपासनीस आले, खड्डा खुणेपर्यंत भरला गेला, तरी ती तिथेच. आपण नजर काढली तर पाणी थांबेल, असं काहीसं तिला वाटायला लागलं होतं.

दहाच्या सुमाराला आई चहाचा थर्मास घेऊन आली. तपासनीस उलट्या घमेल्यावर बसले होते. त्यांनी चहा घेतला आणि सौजन्याने म्हणाले, "काळजी करू नका, आजी. तुमची खोली वाचेल असं दिसतंय."

"माझी कुठली खोली?"

थोरलीने पाण्यावरची नजर न काढता 'सांगू नका' अशी मान हलवली, पण तपासनीस सरकारी माणूस. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊन मोकळे झाले. "ही काय, खालची. जमीन नापास झाली तर इथे तळं येईल नि तुमची खोली जाईल. त्यासाठी तर ताई महिनाभर धडपडताहेत."

आईने नकाशा मागितला. तो पदराने पुसला, लांब धरला, मग जवळ धरला.

"ही माझी नव्हे," ती म्हणाली. "ही यांची होती."

"कुणाची?"

"तुझ्या बाबांची. गुडघ्यांनी किती छळलं होतं त्यांना! मला म्हणाले, तू वर जा मोठ्या खिडकीत, मी आपला खाली राहतो. वरून हाक मारलीस तर ऐकू आलं नाही म्हणायला बरं." आईने नकाशाची घडी घातली. "मला जिन्याचं काय झालंय? भाड्याच्या घराचे तीन मजले रोज चढतेच की मी. मध्ये थांबते ती तुझ्यासाठी. तू धापा टाकतेस, आणि पुन्हा बोललेलं तुला चालत नाही."

थोरलीने पाण्यावरची नजर काढली. दर मजल्यावर आईसाठी म्हणून ती थांबत होती. खाली पाणी आपल्या गतीने चाललं होतं. पहिल्यांदाच तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"तळं बरं दिसेल तसं," आई म्हणाली. "वरच्या खिडकीतून."

"मग नापासच होऊ दे ना!" लांबून गवंडीमामा ओरडले. "मी आहे!"

"थांबा, थांबा." तपासनिसांनी घड्याळ पाहिलं, पट्टी पाण्यात उभी केली, डोळ्यांवरचा चष्मा सरकवून वाचली. "तास झाला. पावणेतीन इंच. पास!" त्यांनी फाइलवर शिक्का मारला आणि वर पाहिलं, तर कुणीच आनंदलेलं दिसेना. त्यांनी एवढ्या वर्षांत नापास झाल्यावर रडणारी माणसं पाहिली होती. पास झाल्यावर अशी बसून राहिलेली पाहिली नव्हती. "आता खोली मंजूर आहे, ताई. नको असेल तर वेगळा अर्ज करावा लागेल. तीन प्रतींत."

अर्ज हा शब्द ऐकताच थोरलीने उठायचं ठरवलं. उजवा गुडघा कटकन वाजला. डाव्याने त्याला साथ दिली. ती निम्मी उठली, हवेत काहीतरी धरायला पाहिलं आणि पुन्हा होती तशी बसली.

"काय झालं?"

"काही नाही."

"ऊठ मग."

"उठते. जरा वेळाने."

आईने थर्मासचं झाकण घट्ट लावलं, तो तपासनिसांच्या हातात दिला आणि लेकीकडे नीट पाहिलं. बाबा गेल्यापासून इतकं नीट कुणी कुणाकडे पाहिलं नव्हतं.

"साहेब, अर्ज नको," आई म्हणाली. "खोली असू दे. फक्त नाव बदला." आणि दोरी ओलांडून तिने हात पुढे केला. "धर. बापाचं नाक नाही आलं, डोळे नाही आले, आले ते नेमके गुडघे. खाली तू राहा. मी वरून हाक मारत जाईन."