पर्चुमा नावाची लायब्ररी

हुमैराच्या कोडच्या एकशे बारा चाचण्या पास झाल्या आणि ती नावात नापास झाली. नावाची चाचणी कुणी लिहितच नाही, त्याला ती तरी काय करणार!

जावा बेटावरच्या तेगलचे सुगेंग म्हणजे निवृत्त मास्तर; सगळे त्यांना मानाने ‘पाक’ म्हणत. वीस वर्षं बंदरोबंदर हिंडून त्यांनी माशांची स्थानिक नावं गोळा केली आणि आपल्या सर्व्हरवर ठेवली. मलेशियातल्या मुआरच्या सोळा वर्षांच्या हुमैराने एक लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना जोडता येईल असा तयार कोड, लिहिली. ती जोडली की कुठल्याही ॲपला दोन ओळींत त्या सर्व्हरकडून माशाचं नाव मिळायचं. कुणीही घ्या, उघडा, बदला! पाकांनी सर्व्हर उघडणारी किल्लीही, म्हणजे एक गुप्त संकेत, दिली होती. त्यांनी एकदा ‘छान’ म्हटलं, की सोमवारी प्रार्थनेच्या वेळी मोठ्या पडद्यावर ती सगळ्या शाळेला दाखवायची, असं मुख्याध्यापिका रोहायाबाईंनी, म्हणजे सगळ्यांच्या ‘चिकगूं’नी, ठरवलं होतं.

मलाय भाषेत फुकट म्हणजे पर्चुमा. हुमैराने तेच नाव देऊन लायब्ररी प्रकाशित केली आणि उड्या मारतच पाकांना लिहिलं, “पाक, तुमचं वीस वर्षांचं काम पर्चुमा आहे, हे आता साऱ्या जगाला कळेल!”

उत्तर आलं, “कळलं.” पाठोपाठ किल्ली बंद. लायब्ररी विचारतेय, सर्व्हर ढिम्म.

हुमैरा घाबरली. मलायमध्ये पोराला बुडाक म्हणतात, म्हणून तिने अगदी नम्रपणे लिहिलं, “पाक, काही चुकलं का? मी शाळेतली साधी बुडाक आहे हो.”

दुसऱ्या दिवशी चिकगूंनी तिला बोलावलं. “हुमैरा, जावाहून कुणा गृहस्थांचं पत्र आलंय. विचारतायत, तुमच्या शाळेत गुलाम किती? मी काय सांगू, चारशे?”

उपाहारगृहातली तुमिनी चहा घेऊन आली होती. ती मूळची जावाची, सगळ्या शाळेची ‘काक’, म्हणजे ताई. तिने हुमैराची पाकांना गेलेली दोन्ही पत्रं वाचली आणि कपाळाला हात लावला.

“अगं बये, आमच्यात बुडाक म्हणजे गुलाम! आणि पर्चुमा तुमच्यात फुकट मिळालेलं, आमच्यात फुकट गेलेलं. म्हाताऱ्याला लिहिलंस, तुमची वीस वर्षं पाण्यात. वर म्हणे जगाला सांगते!”

“पण भाषा तर एकच आहे ना, काक?”

“तिथंच घोळ झाला. वेगळी असती तर विचारून तरी घेतलं असतंस.”

हुमैराला तिथेच रडू फुटलं. पाकांनी ते पत्र एकट्याने, चष्मा पुसून पुसून, पुन्हा पुन्हा वाचलं असणार. तिने धावत जाऊन फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.



“एकेका माशाची अठरा-अठरा नावं लिहून घेतली मी, पोरी,” पाक म्हणाले. “पण एका शब्दाला दोन अर्थ असतील, हे सुचलं नाही. सर्व्हर कायमचा बंदच करणार होतो.”

“नको ना, पाक!”

“आता नाही करत. पण नाव बदलू. या खेपेला मी ठेवतो.”

रविवारी पाकांनी स्वतः लायब्ररी नव्याने प्रकाशित केली. किल्ली सुरू झाली, पहिल्या पानावर हुमैराचं नाव ठळक झळकलं. लायब्ररीचं नाव ‘बुतूह’. जावात त्याचा अर्थ गरज. मुआरमध्ये मात्र तो शब्द जेटीवरचे खलाशीसुद्धा बायामाणसं दिसली की गिळतात.

“कसं वाटलं?” पाकांचा फोन आला. आवाज अगदी पोरासारखा. “बावीस नावं खोडली, तेव्हा हे सुचलं. आमची ही असती तर खूश झाली असती.”

हुमैराने ते नाव पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली, “फार छान आहे, पाक.”

सोमवारी ती सर्वांच्या आधी शाळेत पोचली. “चिकगू, माझी लायब्ररी नका ना दाखवू.”

“का गं? परवानगी आली ना? नाव काय ठेवलंय शेवटी?”

हुमैराने ते कागदावर लिहिलं आणि कागद पालथा घालून पुढे सरकवला.

त्या दिवशी मोठ्या पडद्यावर चारशे मुलांना दात घासण्याची योग्य पद्धत दाखवण्यात आली.